वर्गात गिटार शिकवणाऱ्यांची कार्यशाळा, सोलापूर : वृत्तांत आणि चर्चा

खडूफळा (धागाकर्ती)

होटगी रोडवरच्या एका शाळेच्या सभागृहात मागच्या शनिवार-रविवारी गिटार शिकवणाऱ्यांची कार्यशाळा झाली. खाजगी क्लासवाल्यांसाठी नव्हे, शाळेच्या वर्गात शिकवणाऱ्यांसाठी. समोर एक-दोन हौशी पोरं बसवून शिकवणं वेगळं आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेत चाळीस मुलं, वीस गिटारी, वर भिंतीपलीकडे गणिताचे सर, हे वेगळं. असं काही सोलापुरात मी तरी पहिल्यांदाच पाहिलं म्हणून सविस्तर लिहितेय. कंटाळा आला तर थेट भूप रागाच्या परिच्छेदावर उडी मारा, खरा माल तिथे आहे.

आधी माझ्याबद्दल. मी गाण्यातली. गांधर्वच्या परीक्षा दिलेल्या, शाळेत पेटीवर प्रार्थना आणि समूहगीतं घेते. आमच्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनी गिटारी भेट दिल्या. हार झाले, फोटो झाले, आणि मग मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. 'संगीतच ना मॅडम?' असा त्यांचा बिनतोड सवाल.

कार्यशाळेला माझ्यासारखे पेटीवाले होते, स्वतःचे क्लास चालवणारे गिटारवाले तरुण होते, आणि 'तुमचा शनिवार मोकळा असतो' म्हणून शाळेने पाठवलेलेही होते. या शेवटच्यांत एक पी.टी.चे सर होते. सराव-पाठ घ्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांत भारी पाठ त्यांचाच झाला. पोरांना एका खुणेवर सुरू करणं आणि एका खुणेवर थांबवणं त्यांच्या हाडात मुरलेलं. उलट जे सर्वांत सफाईने वाजवत होते, त्यांच्या पाठात पाचव्या मिनिटाला गोंगाट. शिकवणारे सर पुण्याचे, क्लासिकल गिटारवाले, आदल्या रात्री हुतात्मा एक्सप्रेसने उतरलेले. त्यांनी हे बरोबर हेरलं आणि संध्याकाळी कुणाचंही नाव न घेता बोलून दाखवलं.

पहिला तासभर कुणी तार छेडलीच नाही. पहिला धडा होता गिटार गप्प ठेवण्याचा. गिटार मांडीवर आडवी झोपवायची, तारा वर, दोन्ही हात तारांवर पालथे. याला ते 'आराम' म्हणत. दुसरी स्थिती 'तयार': गिटार उभी धरलेली, हात जागेवर, पण आवाज नाही. तिसरी 'वाजव'. मुलांना पहिल्या आठवड्यात या तीन स्थितींचीच कवायत. आणि शिक्षकाने 'शांत बसा' असं ओरडायचं नाही, आपली गिटार आडवी टाकायची. पुढच्या बाकावरचे पाहून टाकतात, त्यांचं पाहून मागचे. आम्हा मोठ्यांवर प्रयोग केला तर पहिल्या खेपेला निम्मे टुंगटुंग करतच होते. नंतर जमलं.

मग बसणं. आपल्या शाळेतले बाक गिटारीला निव्वळ निरुपयोगी. शेजाऱ्याच्या कानात खुंट्या जातात. खुर्ची हवी आणि तीही बिनहाताची, कारण हात असले की गिटारीचं पोट खुर्चीत मावतच नाही. मांडववाल्याकडच्या सगळ्या प्लास्टिक खुर्च्यांना हात असतात हे माझ्या त्याच दिवशी लक्षात आलं. क्लासिकल पद्धतीत डावा पाय साधारण वीतभर उंच हवा, म्हणजे गिटारीची मान वर येते आणि डावं मनगट मोडत नाही. त्यासाठी पायाखाली छोटं स्टूल मिळतं. सर सहज बोलून गेले, 'नसेल तर दोन जाडी पुस्तकं ठेवा.' सभागृहात एकदम शांतता! पुस्तकावर पाय? पी.टी.चे सर म्हणाले, 'पाट ठेवू की.' सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

सूर लावण्याचं गणित सरळ आहे आणि भयंकर आहे. वीस गिटारी गुणिले सहा म्हणजे एकशेवीस तारा. नायलॉनच्या नव्या तारा असतील तर त्या पहिले काही दिवस ताणतच राहतात, सकाळी लावलेला सूर दुपारी उतरलेला. तास संपेल, पण सूर लागणार नाहीत. उपाय दोन. एक, सुरुवातीला फक्त खालच्या तीन बारीक तारा लावायच्या: तिसरी जी, दुसरी बी, पहिली ई. काम निम्म्यावर. दोन, मोबाइलचं ॲप वर्गात वापरायचं नाही, कारण ते शेजारच्या दहा गिटारीही ऐकतं. गिटारीच्या डोक्याला चिमट्यासारखा लागतो तो ट्यूनर घ्यायचा. तो लाकडाची थरथर पकडतो, भोवतीच्या कलकलाटाशी त्याला घेणं नाही. आठवी-नववीतल्या चार मुलांना तासाआधी दहा मिनिटं हे काम द्यायचं.

आता भूप. सर आधी स्टाफ नोटेशनवरून, म्हणजे पाश्चात्त्य पाच रेघांच्या स्वरलिपीवरून, शिकवायला लागले तेव्हा आमचा पेटीवाल्यांचा गट चुळबुळ करत होता. मी विचारलं, हे सरगममध्ये सांगता येईल का? त्यांनी गिटार माझ्याकडे दिली आणि म्हणाले, 'तुम्हीच शोधा.' शोधलं तर काय, तिसरी तार खुली सोडली, म्हणजे पेटीची पांढरी पाच (जी), तिला सा धरा. त्याच तारेवर दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मधलं बोट: रे. दुसरी तार खुली: ग. तिच्याच तिसऱ्या फ्रेटवर अनामिका: प. पहिली तार खुली: ध. तिच्या तिसऱ्या फ्रेटवर तीच अनामिका: वरचा सा. संपूर्ण भूप, दोन बोटांत! मध्यम आणि निषाद वर्ज्य, म्हणून अवघड बोटं लागतच नाहीत. आमच्या पाचवीच्या मुलांना भूपाचं लक्षणगीत तोंडपाठ आहे, म्हणजे त्यांना सूर माहीत आहेत, फक्त जागा दाखवायच्या.

पुढचा टप्पा आम्ही जेवणाच्या सुट्टीत काढला. भूपातला ग काढून म घाला, म्हणजे दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर तर्जनी. झाला दुर्गा राग. मग ग-म दोन्ही ठेवून पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर नी घ्या. बिलावल, म्हणजे सातही शुद्ध स्वर, तयार. म्हणजे दोन बोटं, मग तिसरं बोट, मग सगळं सप्तक, आणि तेही तीनच तारांत. पेटीवाल्या शिक्षकांनी घाबरायचं कारण नाही असं माझं आता ठाम मत आहे. गिटार उत्तम वाजवता येणं आणि गिटारचा वर्ग चालवता येणं या दोन वेगळ्या कला आहेत, आणि दुसरी आपल्यापैकी पुष्कळांकडे आधीच असते.

दुसऱ्या दिवशी एकाच वर्गात मागेपुढे असलेल्या मुलांचं काय करायचं हा विषय होता. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात तिथली क्लासिकल गिटार संस्था शाळांतून गिटारचे वर्ग चालवते आणि मुलांना त्याचे इतर विषयांसारखे गुण मिळतात, तिथली उदाहरणं सरांनी दिली. एकच रचना, पण तीन पदरांची: नवख्याला खुल्या तारा, मधल्याला चाल, पुढच्याला कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे दोन-तीन स्वर. कुणी रिकामा बसत नाही, कुणी रडत नाही. दोघांत एक गिटार असेल तर एक वाजवतो, दुसरा त्याच्या बोटांकडे बघत सरगम म्हणतो, खुणेसरशी अदलाबदल.

तक्रारी: छापील साहित्य सगळं इंग्रजीत. स्वच्छतागृहाबद्दल न बोललेलं बरं. जेवण मात्र झकास. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. सर चटणीला जरा घाबरून होते.

प्रश्न विचारा. अनुभव असतील तर लिहा.

---

सहावी_तार

छान वृत्तांत. मीही होतो तिथे, 'सर्वांत सफाईने वाजवणाऱ्यां'पैकी एक. :)

पण एका गोष्टीवर असहमत. माझा नवी पेठेत क्लास आहे. मुलगा गिटार हातात घेतो तो भूपासाठी नाही, गाणं म्हणत ठेका धरण्यासाठी. जी, सी, डी हे तीन कॉर्ड आले की शेकडो गाणी निघतात. तीन महिने सा रे ग प ध करत बसवलं तर पोरगं गिटार पलंगाखाली सरकवतं, आणि शाळेतला असेल तर शेजाऱ्याच्या डोक्यात घालतं. कॉर्ड लवकर द्या.

---

खडूफळा

सहावी तार, तुमचा पाठ मला आवडला होता, गोंगाटासकट!

कॉर्डला विरोध नाहीच. सरांनी ते सांगितलं तेव्हा बहुतेक तुम्ही चहाला गेला होतात. याच तीन तारांवर कॉर्डही निघतात. काहीही न दाबता तिन्ही खुल्या तारा वाजवल्या तर जी-बी-ई, म्हणजे ई मायनर. दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर एक बोट: सी. ते उचलून पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर एक बोट: जी. पूर्ण सहा तारांचा जी धरायला दहा वर्षांच्या मुलाची बोटं पुरत नाहीत, आणि एफचं तर नावच नको. चाल आणि कॉर्ड एकाच आठवड्यात सुरू होऊ शकतात.

---

सहावी_तार

एका बोटाचे कॉर्ड मान्य. मात्र डी सेव्हनला याच तीन तारांवर तीन बोटं लागतात, तिथे गाडी अडते. जी-सी-ई मायनरवर चालणारी गाणी निवडावी लागतील. यादी करतो.

---

पूर्वभागचा_पोऱ्या

लई झकास लिव्हलाव मॅडम. मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो अन् दिवसा गिटार-मँडोलिन दुरुस्त करूलालोय, अशोक चौकाच्या बाजूला. शाळेच्या गिटारी माझ्याकडं येतात त्या बघून रडू येतंय बे.

पयली गोष्ट. नायलॉनच्या गिटारीला स्टीलच्या तारा चढवू नका. आवाज मोठा येतो म्हणून चढवतात. स्टीलच्या सेटचा ताण सत्तर किलोच्या वर जातो, नायलॉनचा चाळिशीच्या आसपास. घोडी, म्हणजे पोटावरची तारा अडकवायची पट्टी, उपटून हातात येते. पोट फुगतं. मग म्हणायचं, गिटार खराब निघाली.

दुसरं, घेताना बाराव्या फ्रेटपाशी तार किती वर आहे ते मोजा. नायलॉनला जाड तारेखाली चार मिलिमीटर, बारीक तारेखाली तीन, एवढं ठीक. सहा-सात असंल तर लेकराची बोटं सोलून निघतात अन् ते म्हणतं मला येतच नाही. त्याला येतंय, गिटारीला येत नाही.

तिसरं साईज. पूर्ण गिटारीच्या तारेची लांबी ६५ सेंटीमीटर. चौथी-पाचवीच्या लेकराला ती कवेत मावत नाही. पाऊण साईज घ्या. पयली-दुसरीला अर्धी. देणगीदाराला आधीच सांगा, तो मोठीच घेऊन येतो, फोटोत चांगली दिसते म्हणून.

---

कुंदाताई_७२

'त्याला येतंय, गिटारीला येत नाही' हे फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

---

षड्जपंचम

मी मिरजेचा, तंतुवाद्यांच्या गावचा, त्यामुळे मत असणारच. भूप गिटारीवर शिकवण्याची कल्पना चांगली, पण एक सांगतो. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात. तिथला ग तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. आणि भूपात गंधार वादी, म्हणजे सगळ्यांत महत्त्वाचा स्वर! वाढत्या वयाच्या मुलांच्या कानात हा चढा गंधार पक्का बसला तर पुढे गाताना घालवणं कठीण.

तुमच्या मांडणीत ग म्हणजे खुली दुसरी तार आहे. मग ती तार कानाने किंचित उतरवून लावली तर? फ्रेटची अडचणच उरत नाही.

---

सहावी_तार

नाही चालणार. त्याच तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर प आहे. ग उतरवला की पंचमही तेवढाच उतरतो. उतरलेला पंचम तुम्हाला चढ्या गंधारापेक्षा जास्त टोचेल.

---

षड्जपंचम

हं. हे खरं. पंचमाला माफी नाही. प चौथ्या तारेवर घेतला तर? खुली चौथी तार म्हणजे डी, म्हणजे मंद्र पंचम...

---

सहावी_तार

पण तो खालच्या सप्तकातला, चालीत उडी पडेल. मात्र तुम्ही नकळत दुसरंच चांगलं सुचवलंत. चौथी आणि तिसरी तार खुल्या: प सा. चौथी एकदा, तिसरी तीनदा. झाला तंबोरा! नवख्या मुलांना हाच पदर देता येईल. डावा हात लावायचाच नाही.

---

खडूफळा

अरे वा, हे कार्यशाळेतही कुणाला सुचलं नव्हतं. षड्जपंचम, तुमची काळजी कळते. पण हाच आक्षेप पेटीवर होता. १९४० साली रेडिओने पेटीला दार बंद केलं ते पुढे तीसेक वर्षं. त्या काळातही शाळाशाळांतून प्रार्थना पेटीवरच होत होत्या, आणि त्यातूनच पुढचे गवईही निघाले. माझा नियम साधा: आधी तंबोऱ्यावर गायचं, मग गिटारीवर शोधायचं. कान गळ्यापाशी तयार होतो, बोटापाशी नाही.

---

षड्जपंचम

आधी गायचं असेल तर माझा विरोध मागे. अर्धा.

---

गाणारी_चिमणी

पट्टीचं काय? पांढरी पाचला मुलींचा आवाज खाली घुसमटतो. आमच्याकडे समूहगीत काळी चार-पाचला असतं.

---

खडूफळा

कापो लावायचा. गिटारीच्या मानेला लागतो तो चाप. पहिल्या फ्रेटवर लावला तर सा काळी चार, तिसऱ्या फ्रेटवर लावला तर काळी पाच. बोटांच्या खुणा त्याच राहतात. आणखी फायदा म्हणजे वरच्या बाजूचे फ्रेट अरुंद असतात, तार बोर्डाच्या जवळ येते, छोट्या हातांना सोपं जातं. तोटा: वीस कापो घ्यायला मुख्याध्यापकांना पटवावं लागतं. मी अजून विषय काढलेला नाही.

---

जुळेसोलापूरची_आई

मी शिक्षिका नाही, पालक आहे. माझा मुलगा सहावीत, डावखुरा. शाळेत गिटार सुरू झालंय. सरांनी सांगितलं उजव्या हातानेच वाजव. घरी आजीचं म्हणणं, लिहिण्याचा हात तरी बदलला नाही, इथे कशाला बदलायचा? दुसरं म्हणजे नखं. एक सांगतं वाढव, एक सांगतं काप. शाळेत पी.टी.च्या तासाला नखं तपासतात!

---

सहावी_तार

ताई, नखांचं आधी. डाव्या हाताची नखं कायम कापलेली, अगदी बोटाच्या मांसापर्यंत. उजव्या हाताची क्लासिकलवाले पुढे वाढवतात, पण सुरुवातीच्या वर्षाला अजिबात गरज नाही. नुसत्या बोटाने वाजवू दे. पी.टी.च्या सरांशी भांडण नको.

डावखुऱ्याचं: तारा उलट्या लावून भागत नाही. वरच्या टोकाच्या पट्टीत प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे खाच कापलेली असते, आतल्या लाकडी पट्ट्याही एका बाजूच्या हिशोबाने असतात. खरी डावखुरी गिटार वेगळी घ्यावी लागते, आणि वर्गात ती एकच असेल तर तो शेजाऱ्याची कधीच वापरू शकणार नाही. नवशिक्याला दोन्ही हात सारखेच नवे असतात. डाव्या हाताला तर जास्त बारीक काम, त्यात त्याचा फायदाच. महिनाभर उजव्याने बघू द्या. त्यानंतरही तो स्वतःहून गिटार उलटी धरत असेल तर हट्ट सोडा.

---

पूर्वभागचा_पोऱ्या

माझा एक दोस्त डावखुराय, सरळ उजवी गिटार उलटी करून वाजवतो, तारा हाय तशाच. जाड तार खाली. बघणाऱ्याला चक्कर येती. पण वाजवतोय बरं का. वर्गात हे शिकवू नका.

---

झेडपी_गुरुजी

वाचून आनंद वाटला आणि थोडा हेवाही. मी मोहोळ तालुक्यात. आमच्याकडे गिटार सोडा, पेटीचा भाता फाटलाय. नव्या शिक्षण धोरणात, म्हणजे २०२० च्या, कला आणि इतर विषय यांच्यात भिंत नको असं लिहिलंय. भिंत नाहीच, खोलीच नाही. असो. लोकवर्गणीतून काही घ्यायचं झालं तर गिटारच घ्यावी का? कमी खर्चात दुसरं काही?

---

सहावी_तार

गुरुजी, युकुलेले बघा. चार तारा, नायलॉनच्या, गिटारीपेक्षा बरीच स्वस्त. लहान हातात मावते, बाकावर बसूनही वाजवता येते, शेजाऱ्याला लागत नाही. तिच्या तारा जी-सी-ई-ए. गिटारीच्या खालच्या चार तारांना पाचव्या फ्रेटवर कापो लावला तर हेच स्वर येतात (फक्त युकुलेलेची जी तार एक सप्तक वर असते). म्हणजे बोटांचे आकार तेच, मुलगा पुढे गिटारीकडे वळला तर शिकलेलं वाया जात नाही. वीस गिटारींऐवजी दहा युकुलेले, दोघांत एक.

---

खडूफळा

गुरुजी, आणि तुमच्याकडे भजनी मंडळ असेल तर त्यांच्याकडून टाळ आणि पखवाज पहिल्या तासाला आणा. लयीची कवायत वाद्य हातात नसतानाही होते. कार्यशाळेत आम्ही सकाळचं अर्धं सत्र टाळ्या आणि मांडीवर थापा यांवरच होतो. वीस युकुलेले असलेल्या पण लय नसलेल्या वर्गापेक्षा ते बरं.

---

झेडपी_गुरुजी

टाळ भरपूर आहेत. पखवाजवाला माझाच विद्यार्थी, नववीत. करतो सुरू.

---

वर्गशिक्षिका_सातरस्ता

माझा प्रश्न वेगळा. आमच्या संस्थेला दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच गॅदरिंगला गिटारचा कार्यक्रम हवाय. जूनमध्ये सुरू केलेली मुलं. मध्ये सहामाही परीक्षा. गॅदरिंग उरकेपर्यंत संक्रांत, म्हणजे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, आणि मग पोरं आठवडाभर वर्गात मनाने नसतातच. काय बसवू?

---

खडूफळा

नाही म्हणता येत असेल तर नाही म्हणा. येत नसेल (येत नाही, मला माहीत आहे) तर वरचाच तीन पदरी फॉर्म्युला वापरा. निम्मी मुलं चौथी-तिसरी खुली तार, तंबोरा. चार-सहा चांगली मुलं भूपाची चाल. बाकीचा वर्ग गातो. पाहुण्यांना गाणं ऐकू येतं, गिटारी दिसतात, आणि कुणालाही न येणारं काही करायला लावलेलं नसतं.

मंचावर जायच्या आधी सूर लावताना एक गोष्ट पाळा. बाहेरच्या गारव्यातून मंचावरच्या दिव्यांच्या उकाड्यात गिटार नेली की तारा उतरतात. मंचामागे नाही, मंचावरच पडद्याआड दहा मिनिटं ठेवून मग लावायच्या.

आणि संस्थाचालकांना कॉर्ड धरलेली मुलं पुढच्या रांगेत हवी असतात. त्यांना पुढे बसवा, ई मायनर द्या.

---

सहावी_तार

ई मायनर म्हणजे काहीच न दाबता. हा हा. पुढच्या रांगेत सगळे तरबेज दिसतील.

---

षड्जपंचम

भूपाच्या मागे ई मायनर वाजवणार? ध वर आधारलेला कॉर्ड? सा सोडून?

---

खडूफळा

स्वर तर सा-ग-ध, तिन्ही भूपातलेच की! पण बरं, तुमच्यासाठी जी. एक बोट जास्त.

---

वर्गशिक्षिका_सातरस्ता

धन्यवाद सगळ्यांना. दोन्ही करून बघते. उन्हाळ्यात गिटारी कुठे ठेवता? मागच्या मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या दोन गिटारींची घोडी सुटली आणि बाकीच्यांच्या मानेला हात लावला तर टोचतंय.

---

पूर्वभागचा_पोऱ्या

मॅडम, पत्र्याखाली गिटार म्हणजे भट्टीत. सोलापूरचं ऊन ४२-४४ ला जातं, पत्र्याखाली त्याच्याही वर. सरस मऊ पडतो अन् तारांच्या ताणानं घोडी सुटती. वर हवा कोरडी. लाकूड आकसतं, फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. तेच टोचूलालंय तुम्हाला.

सुट्टी लागायच्या आधी तारा एक-दोन स्वर ढिल्या करा. पार सोडू नका. स्लॅबच्या खोलीत, भिंतीपासून लांब, कव्हरात घालून ठेवा. साबणाच्या जुन्या डबीला भोकं पाडा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंजाचा तुकडा, ती डबी कव्हरात गिटारीच्या डोक्यापाशी. पंधरा दिवसांनी शिपायाला सांगून परत ओला करायचा. पाऊस सुरू झाला की डबी काढून टाका, नायतर बुरशी. घोडी सुटलेली फेविकॉलनं चिकटवू नका, आणून द्या. जुना सरस खरवडून, दाबून, दिवसभर ठेवावं लागतंय.

टोकं मात्र तुम्ही घरी काढू शकता. बारीक दाताची सपाट कानस घ्या, मानेच्या कडेला तिरकी धरून दर फ्रेटला दोन-तीन हात, बास. आधी लाकडाला कागदी चिकटपट्टी लावा, नायतर पॉलिश जातंय. शेवटी शून्य नंबरचा पॉलिश पेपर. पण जूनच्या आत करू नका. पावसात लाकूड परत फुगतं, निम्मी टोकं आपोआप आत जातात. जी राहतील तेवढीच घासा.